राणीछाप रुपयावरचे रंग काळाने आलेले की चढवलेले? टोनिंगची शंका सोडवण्याचा क्रम

नाशिक परिसरातील संग्राहक चांदीचे नाणे घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा प्रश्न एकच असतो: या रुपयावर दिसणारे निळे, जांभळे, सोनेरी रंग काळाने आलेले आहेत की कोणी आणलेले आहेत? नाणे साध्या पांढऱ्या रुपयापेक्षा बरीच जास्त किंमत मोजून घेतलेले असते किंवा घ्यायचे असते, आणि विकणाऱ्याने ‘नॅचरल टोनिंग’, म्हणजे काळाने आपोआप चढलेला रंग, या दोन शब्दांपलीकडे काही सांगितलेले नसते. ही तपासणी वारंवार करावी लागल्यामुळे तिचा एक क्रम आता ठरून गेला आहे, तो इथे मांडतो आहे. आधी लक्षणे, मग बिनखर्चाच्या तपासण्या, त्यानंतर थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी आपण कुठे थांबून जाणकाराकडे जावे ते. उदाहरणे मुख्यतः ब्रिटिशकालीन रुपयांची आहेत, कारण आपल्याकडच्या घरांतून आणि सराफ बाजारातून हीच नाणी सर्वाधिक फिरतात. चांदवडच्या टांकसाळीचा रुपया किंवा त्याहून जुनी नाणी यांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो पुढे केला आहे.

तपासणी पूर्ण होईपर्यंत नाणे घासायचे नाही, पुसायचे नाही आणि चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट किंवा भांडी उजळण्याची पूड यांपैकी काहीही त्याला लावायचे नाही, ही अट सुरुवातीलाच स्वीकारावी लागेल. ज्या थरावरून आपल्याला निष्कर्ष काढायचा आहे तो थरच घासण्याने नाहीसा होतो आणि धातूवर कायमचे ओरखडे मागे राहतात. नाणे कडेने धरा आणि खाली घडी केलेले मऊ कापड असू द्या, म्हणजे ते हातातून सुटले तरी फरशीवर आपटणार नाही.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे दोन्ही बाजूंवर सारख्याच गडदपणाने पसरलेला झगझगीत निळा किंवा गुलाबी रंग. त्याखालोखाल मी झिजलेल्या नाण्यावरच्या इंद्रधनुषी रंगांकडे लक्ष देतो. जो रुपया अनेक वर्षे हातोहाती फिरून गुळगुळीत झाला आहे त्यावर स्वाभाविकपणे राखाडी छटा येते आणि अक्षरांच्या खाचांत काळेपणा साठतो. त्यावर मोरपंखी रंग दिसले तर ते कुठून आले हे विचारावेच लागते.

एकाच विक्रेत्याकडच्या अनेक नाण्यांवर एकाच छटेचे रंग दिसणे हेही महत्त्वाचे लक्षण आहे. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया आणि जॉर्ज पाचव्याचा १९१८ चा रुपया यांच्यात अर्ध्या शतकाहून अधिक अंतर आहे. दोन्ही वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या पिशव्यांतून आले असतील तर दोघांवर अगदी सारखी निळी कडा आणि सारखेच गुलाबी मध्य येणे फार अवघड आहे. याशिवाय खरेदीनंतर काही आठवड्यांतच रंग झपाट्याने गडद होत जाणे, रंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसणे, आणि थेंब पडून सुकल्यासारखी तीक्ष्ण कडेची वर्तुळे किंवा ओघळ दिसणे, ही लक्षणे वारंवार भेटतात. एखाद्याच लक्षणावरून निकाल देऊ नये. त्याने फक्त तपासणीला कारण मिळते.

रंग येतो कसा, हे आधी समजून घ्यावे

पुढच्या बहुतेक तपासण्यांचा आधार इथे आहे, म्हणून हा भाग वगळू नये. घरातल्या चांदीला काळी पाडतो तो मुख्यतः गंधक. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंमुळे, तसेच कागद, पुठ्ठा, रबर, लोकर अशा वस्तूंतून सुटणाऱ्या गंधकामुळे चांदीच्या पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो आणि हवेत ओलावा असेल तर तो अधिक वेगाने धरतो. हा थर इतका पातळ असतो की त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी लागते. त्याच्या वरच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात, आणि थराच्या जाडीनुसार काही रंग मावळतात तर काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगावर जे रंग दिसतात त्यांचे कारण हेच आहे. म्हणजे नाण्यावर रंगद्रव्य असे काही नसते. दिसणारा रंग त्या जागी थर किती जाड झाला आहे एवढेच सांगतो.

थर एका क्रमाने वाढतो, म्हणून रंगही एका क्रमाने येतात. प्रथम फिकट पिवळा व सोनेरी, मग नारिंगी-तांबूस, मग किरमिजी व जांभळा, मग गडद निळा. थर आणखी वाढला की निळा फिका होऊन आकाशी होतो, पुन्हा पिवळट छटा येते, पुन्हा किरमिजी येतो, आणि स्पष्ट हिरवा रंग त्यानंतर उमटतो. शेवटी सगळे मावळून करडा-काळा रंग उरतो. हा क्रम पाठ असलेल्या माणसाला फसवणे फार अवघड जाते.

आता अडचणीची बाजू. दागिने घडवणारे कारागीर चांदीला ‘ऑक्सिडाइज’ रूप देण्यासाठी गंधकाचे जे संयुग वापरतात त्यानेही सिल्व्हर सल्फाइडच तयार होते. नैसर्गिक आणि कृत्रिम थराचे रसायन पुष्कळदा एकच असल्यामुळे, ‘केमिकल टेस्ट करून एकदाचे सांगून टाका’ ही विनंती मी मान्य करू शकत नाही. फरक पदार्थात सापडत नाही, तो सापडतो वेगात. सावकाश वाढलेला थर नाण्याचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक आडोसा आणि साठवणुकीची रीत नोंदवून ठेवतो. काही मिनिटांत किंवा काही दिवसांत चढवलेल्या थराला तेवढा अवसर मिळत नाही. त्यामुळे पुढे जे काही करायचे आहे ते म्हणजे ही नोंद वाचणे.

बिनखर्चाची पहिली तपासणी: नाणे राहिले कुठे?

विक्रेत्याला किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की नाणे कशात ठेवलेले होते. उत्तर जसे मिळेल तसा नमुना नाण्यावर दिसला पाहिजे. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये राहिलेल्या नाण्यावर रंग कडेपासून सुरू होतो आणि मध्याकडे फिका होत जातो, कारण पुठ्ठ्याचा स्पर्श कडेला असतो. कापडी पिशवीत एकमेकांवर पडून राहिलेल्या नाण्यांवर कमानीसारखी रेघ उमटते: दुसऱ्या नाण्याने झाकलेला भाग पांढरा राहतो, उघडा भाग रंगतो, कधी कापडाची वीणही दिसते. कागदी पाकिटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेले नाणे एका बाजूने अधिक रंगते. रबर बँड लावून ठेवलेल्या नाण्यांवर आडवा काळा पट्टा येतो, आणि तो पट्टा मी आपल्याकडच्या घरांतल्या नाण्यांवर इतक्यांदा पाहिला आहे की त्याची कहाणी विचारावीही लागत नाही.

कहाणी आणि नमुना जुळले नाहीत तर तिथेच सावध व्हावे. ‘आजोबांच्या अल्बममधले आहे’ असे सांगितले जाते आणि नाण्याच्या मध्यभागी गडद निळा, कडेला पांढरी चांदी असा उलटा प्रकार दिसतो, तेव्हा पुढच्या तपासण्यांची गरज वाढते.

आपल्या जिल्ह्यापुरती एक विशेष गोष्ट इथे सांगायला हवी. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात द्राक्षबागांवर भुरी रोगासाठी गंधक वापरले जाते आणि पुष्कळ घरांत त्याच्या पिशव्या राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत ठेवलेल्या असतात. कांदा साठवलेल्या घरांतही, विशेषतः तो सडू लागला की, गंधकयुक्त वायू हवेत मिसळतात. अशा घरांतल्या पेटीतली चांदी इतर ठिकाणच्या मानाने लवकर रंगते. इथे कोणाचा फसवण्याचा हेतू नसतो, म्हणून अशा नाण्याला मी कृत्रिम म्हणत नाही. पण वेगाने धरलेला थर बहुधा ठिपक्यांचा आणि मळकट असतो, आणि त्यासाठी जास्त किंमत मोजावी असे मला वाटत नाही.

दुसरी: एकच दिवा आणि तिरपा हात

खिडकीतला अप्रत्यक्ष उजेड रंग पाहण्यासाठी चांगला असतो, पण झळाळी पाहण्यासाठी एकच दिवा हवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून नाणे एका बल्बखाली धरा आणि सावकाश तिरपे करत फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर ठशाच्या दाबाने धातू मध्यापासून कडेकडे सरकलेला असतो, त्याच्या सूक्ष्म रेषा उरतात, आणि त्यांमुळे नाणे फिरवताना प्रकाशाचा पट्टा त्यावरून चक्रासारखा फिरतो. नैसर्गिक टोनिंगमध्ये हे चक्र रंगाच्या आतून फिरताना दिसते. नाणे वळवले की रंग उजळतात, मावळतात आणि पुन्हा उजळतात.

चढवलेल्या रंगाखाली पुष्कळदा हे चक्र सापडत नाही. त्याचे कारण असे की रंग चढवण्याआधी नाणे उजळवलेले असते. उजळवण्याच्या द्रावणाने किंवा घासण्याने त्या सूक्ष्म रेषा नष्ट झालेल्या असतात, आणि मेलेल्या पृष्ठाला जिवंत दाखवण्यासाठीच तर रंगाचा खटाटोप झालेला असतो. अशा नाण्यावर रंग वर तरंगल्यासारखा दिसतो आणि नाणे कसेही वळवले तरी त्याची तीव्रता बदलत नाही.

नाणे प्रत्यक्ष हातात नसून फोनवर फोटो आला असेल तर ही तपासणी फोटोवरून करू नका. मोबाइलचा कॅमेरा रंग आपोआप भडक करतो. एका दिव्याखाली नाणे सावकाश फिरवल्याचा छोटा व्हिडिओ आणि कडेचा वेगळा फोटो मागवा. प्रामाणिक विक्रेत्याला यात अडचण येत नाही.

तिसरी: रंगांचा क्रम

दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग काहीशे रुपयांत मिळते आणि या छंदात त्याहून उपयोगी खरेदी दुसरी नाही. भिंगातून एका रंगाकडून दुसऱ्या रंगाकडे जाताना मधल्या पायऱ्या आहेत का ते पाहा. सोनेरी रंगाकडून गडद निळ्याकडे जायचे तर वाटेत तांबूस आणि जांभळा यायलाच हवेत. पट्टा केसाएवढा अरुंद असेल, पण तो असला पाहिजे. फिकट सोनेरीला गडद निळा थेट भिडलेला असेल आणि दोहोंमध्ये काहीच नसेल, तर थर तिथे सावकाश वाढलेला नाही. त्याचप्रमाणे स्पष्ट हिरवा रंग आधीच्या सगळ्या रंगांच्या सोबतीशिवाय एकटाच आलेला असेल तर तो थराच्या जाडीचा रंग असण्याची शक्यता कमी होते. पीव्हीसीचा (नाण्यांच्या मऊ प्लास्टिक पाकिटांतून सुटणारा) अंश, तांब्याचा गंज किंवा चक्क शाई यांचा विचार करावा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त आहे, तर त्याआधीच्या रुपयांत चांदी ९१.७ टक्के आहे. तांबे जास्त असलेल्या मिश्रधातूवर तपकिरी, मंद, ठिपक्यांचा रंग येतो आणि वरचा स्वच्छ क्रम नेहमी दिसत नाही. जॉर्ज सहाव्याच्या या रुपयांना क्रमाची कसोटी कडकपणे लावली तर नैसर्गिक नाणीही नापास होतील. उलट याच नाण्यांवर तेजस्वी इंद्रधनुष्य दिसले तर माझी शंका वाढते.

चौथी: अक्षरे, ओरखडे आणि उंचवटे

माझ्या अनुभवात सर्वाधिक प्रकरणे इथेच सुटतात, म्हणून भिंग घेऊन इथे वेळ घालवा.

आधी अक्षरांभोवती पाहा. कडेकडून आत सरकणाऱ्या नैसर्गिक रंगात अक्षरे आडोसा बनतात. अक्षराच्या मध्याकडील अंगाला एक अरुंद पट्टा कमी रंगलेला राहतो, जणू रंग अक्षराला वळसा घालून गेला. हा परिणाम घाईने साधणे कठीण आहे. द्रावणात बुडवलेल्या नाण्यावर याच्या उलट दिसते: अक्षरांच्या बुडाशी द्रव साठून तिथेच रंग सर्वांत गडद होतो, आणि कधी कधी एकाच दिशेला ओघळलेला दिसतो.

मग ओरखडे पाहा. ओरखड्याच्या तळाशी असलेला रंग आणि शेजारच्या जागेचा रंग यांची तुलना करा. ओरखडा आतून पांढरा चमकत असेल तर तो रंग आल्यानंतर पडला आहे. ओरखड्याच्या आतही शेजारच्याइतकाच रंग असेल तर ओरखडा आधीचा आणि रंग नंतरचा. एकटादुकटा जुना ओरखडा असेल तर यातून फार काही सिद्ध होत नाही, परंतु सगळ्या मोकळ्या जागेवर बारीक समांतर रेघा असतील आणि त्या रंगाने भरलेल्या असतील तर नाणे आधी घासले गेले आणि मग रंगले, एवढे निश्चित.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना आपल्या घरांची रीत लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवले जातात, त्याआधी ते उजळले जातात, पूजेत हळद-कुंकू वाहिले जाते, कधी पंचामृतही पडते, आणि मग नाणी पुन्हा डब्यात जातात. अशा रुपयावर घासल्याच्या खुणा आणि त्यावर नंतर सावकाश आलेला रंग या दोन्ही गोष्टी सापडतात. तो रंग नैसर्गिकच आहे, फक्त घासलेल्या पृष्ठावर आलेला आहे. विकत घेणाऱ्याने अशा नाण्याला ‘मूळ पृष्ठाचे’ म्हणून पैसे देऊ नयेत. घरच्यांनी मात्र आपल्याला फसवले गेले असे समजू नये. पिढ्यान्‌पिढ्या पूजेत राहिलेला रुपया घरासाठी ज्या कारणाने मोलाचा आहे त्याच्याशी टोनिंगचा संबंध नाही.

शेवटी उंचवटे पाहा. जॉर्ज पाचव्याच्या झग्यावरील हत्ती, व्हिक्टोरियाच्या मुकुटाचा वरचा भाग, एडवर्ड सातव्याच्या कानावरचे केस या जागा सर्वांत आधी झिजतात. नाणे रंगल्यानंतर वापरात राहिले असेल तर या जागी रंग पुसून राखाडी धातू दिसतो. उंचवटा झिजून सपाट झालेला आहे आणि त्याच सपाट जागेवर ताजा निळा रंग बसला आहे, असे असेल तर रंग झिजेनंतरचा आहे, आणि झिजलेल्या नाण्याला इतका स्वच्छ निळा कुठे मिळाला याचे उत्तर विक्रेत्याने द्यायला हवे.

कडा विसरू नका. चिमट्यात धरून बुडवलेल्या नाण्याच्या कडेवर समोरासमोर दोन लहान बिनरंगी जागा राहू शकतात. नाकाला गंधकाचा किंवा ब्लीचचा वास आला तर तेही नोंदवा. दशकांपूर्वीच्या रंगाला वास उरत नाही.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

रंगाच्या नादात नाणेच बनावट आहे हे निसटू नये, म्हणून वजन आणि चुंबक या दोन गोष्टी मधेच उरकून घ्याव्यात. १९४५ पर्यंतच्या ब्रिटिश भारतीय रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आहे; झिजेमुळे थोडी घट चालते, पण नवेकोरे दिसणारे नाणे अर्ध्या ग्रॅमने कमी किंवा जास्त भरले तर रंगाचा विचार थांबवून आधी नाण्याचा विचार करा. चांदीला चुंबक ओढत नाही. १९४६ आणि १९४७ चे रुपये निकेलचे आहेत आणि ते चुंबकाला चिकटतात, त्यामुळे त्यांवर ‘सिल्व्हर टोनिंग’ हा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही हे रुपये चांदीचे समजून घेतलेले लोक भेटतात.

त्यानंतर नोटा तपासण्याचा अतिनील टॉर्च. अंधाऱ्या खोलीत तो नाण्यावर मारा. सिल्व्हर सल्फाइड चमकत नाही. पिवळा भाग हिरवट-पिवळा चमकला तर ती बहुधा हळद आहे, कारण हळदीतील कर्क्युमिन अतिनील प्रकाशात स्पष्ट चमकते. देव्हाऱ्यातून आलेल्या नाण्यांवरचे ‘सोनेरी टोनिंग’ मी या टॉर्चखाली अनेकदा मावळताना पाहिले आहे. निळसर-पांढरी चमक सलग पसरलेली दिसली तर नाण्याला लॅकर किंवा वार्निश लावले असण्याची शक्यता धरावी. चमक नसल्याने मात्र काही सिद्ध होत नाही, कारण सगळे लेप चमकत नाहीत.

सर्वांत जपून करायची घरगुती तपासणी म्हणजे शुद्ध ॲसिटोन. ते चांदीला किंवा सिल्व्हर सल्फाइडला धक्का लावत नाही. तेल, शाई, लॅकर, हळद, पीव्हीसीचा चिकट अंश हे मात्र विरघळवते. म्हणून ॲसिटोनमध्ये जो रंग सुटला तो टोनिंग नव्हता, असे निःसंशय म्हणता येते. जो टिकला तो नैसर्गिकच, असा उलटा अर्थ मात्र काढू नये, कारण गंधकाच्या द्रावणाने चढवलेला थरही ॲसिटोनमध्ये तसाच राहतो. नेलपॉलिश काढायचे द्रव वापरू नका, त्यात तेल, सुगंध आणि रंग मिसळलेले असतात. काचेची वाटी घ्या. काही प्लास्टिके ॲसिटोनमध्ये विरघळतात. ते अत्यंत ज्वालाग्राही आहे, त्यामुळे देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस यांपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून काम करा. नाणे काही मिनिटे बुडवून ठेवा, चोळू नका, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळा, आणि मऊ कापडावर ठेवून आपोआप वाळू द्या. नाणे दुसऱ्याचे असेल किंवा परत करण्याची मुदत चालू असेल तर मालकाच्या परवानगीशिवाय हे करू नका.

इतके करूनही मन निश्चित होत नसेल आणि घाई नसेल तर नाणे पीव्हीसी नसलेल्या होल्डरमध्ये ठेवून, त्याच जागी, त्याच दिव्याखाली दर महिन्याला एक फोटो काढावा. चांगल्या होल्डरमधला स्थिरावलेला जुना रंग काही महिन्यांत डोळ्यांना जाणवेल इतका बदलत नाही. रसायन नीट धुऊन न काढलेले नाणे मात्र बदलत राहते, ठिपके धरते, काळे होत जाते.

इथे थांबा

चांदी उजळण्याचे द्रावण वापरून ‘खालचे खरे नाणे’ पाहण्याचा मोह काही जणांना होतो. ही कृती कधीही करू नये. अशा द्रावणात थायोयुरिया आणि आम्ल असते. ते थराबरोबर मूळ पृष्ठाचाही अंश नेते, आणि रंग नैसर्गिक होता असे नंतर लक्षात आले तर तो परत आणता येत नाही. ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याचा सोडा हा घरगुती उपाय भांड्यांसाठी ठीक आहे, संग्रहातल्या नाण्यांसाठी नाही.

वरच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे क्रम बरोबर आहे पण झळाळी नाही, किंवा झळाळी आहे पण नमुना कहाणीशी जुळत नाही, तर पुढचे काम घरी होणारे नाही. दुर्मीळ वर्षाचे नाणे, उदाहरणार्थ १९३९ चा रुपया, हाती आला असेल तर पहिल्या दोन तपासण्यांनंतरच थांबून अनुभवी नाणेतज्ज्ञाकडे जावे. तिथे रंगापेक्षा नाण्याच्या अस्सलपणाचा प्रश्न मोठा असतो. सराफाकडच्या किंवा हॉलमार्किंग केंद्रातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) यंत्राने नाण्याला इजा न होता धातूचे प्रमाण कळते, पण ते वाचन पृष्ठाजवळचे असते आणि रंग केव्हा आला हे ते सांगत नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी प्रमाणन संस्था संशयित रंगाच्या नाण्याला नेहमीची श्रेणी न देता दोषाची नोंद करून परत करतात, आणि ठाम पुरावा नसलेल्या रंगासाठी पीसीजीएस ‘शंकास्पद’ असाच शब्द वापरते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत, म्हणून परदेशी प्रमाणनाचा विचार करण्याआधी कायद्याची बाजू जाणकाराकडून समजून घ्यावी.

हाताने ठसे मारून पाडलेल्या चांदवडी रुपयासारख्या नाण्यांना, आणि त्याहून पुष्कळ जुन्या नाण्यांना, मी वरचा क्रम लावत नाही. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे, हे आपल्या भागातल्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘क्षत्रप नाणे, इंद्रधनुषी टोनिंग’ असे काही दाखवले की लोकांना ते शक्य वाटते. मातीत शतकानुशतके राहिलेल्या चांदीवर करडा किंवा काळपट कठीण थर धरतो, ज्यात सिल्व्हर क्लोराइडही असते. तो काढल्याशिवाय नाणे वाचता येत नाही. म्हणून अशा नाण्यावर दिसणारा तेजस्वी रंग साफसफाईनंतरचाच असतो, आणि त्याला पुरातन म्हणून वेगळी किंमत देण्याचे कारण नाही. इतकी जुनी चांदी ठिसूळही झालेली असू शकते, तेव्हा ती घरी धुण्याचा किंवा तपासण्याचा प्रयत्न करू नका. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आपल्या जवळ आहे. प्राचीन नाण्यांचे अस्सल पृष्ठ कसे दिसते ते आधी तिथे डोळ्यांखालून घालावे. जमिनीत सापडलेले नाणे असेल तर प्रश्न टोनिंगचा राहत नाही: १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक ठरू शकते.

आपलीच नाणी पुन्हा पुन्हा रंगत असतील तर

काही जणांची अडचण खरेदीची नसून घरातली असते: नाणे कितीही जपले तरी दर पावसाळ्यानंतर थोडे पिवळे, थोडे तांबूस होते. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात ही तक्रार अधिक ऐकू येते, कारण तिथला ओलावा. उपाय नाण्यावर करायचा नसतो, जागेवर करायचा असतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून नाणी काढा. त्यांतून सुटणारा हिरवट चिकट अंश पुढे धातू खातो. रबर बँड, लोकर, वर्तमानपत्र, पुठ्ठा आणि चामड्याचे बटवे दूर करा. मायलार (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) किंवा कठीण ॲक्रिलिकचे होल्डर वापरा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात बदलत राहा. द्राक्षबागेसाठीचे गंधक आणि साठवणीचा कांदा नाण्यांच्या खोलीत नको.

कोणती जागा त्रास देते आहे हे कळत नसेल तर चांदीचा एखादा बिनमोलाचा तुकडा, जसे तुटलेल्या पैंजणाची कडी, स्वच्छ उजळवून प्रत्येक कपाटात एकेक उघडा ठेवा आणि त्यावर तारखेची चिठ्ठी लावा. जो तुकडा सर्वांत आधी पिवळा पडेल त्या कपाटातून नाणी त्याच दिवशी हलवा, आणि मग तिथला कागद, अस्तर, रबर असे एकेक काढून पुन्हा उजळवलेला तुकडा ठेवून पाहा. ज्या वस्तूविना तो पांढरा राहतो ती वस्तू त्या कपाटात परत ठेवू नका.